कार्डाचा सुज्ञ वापर

१० जानेवारी, मंगळवार

मुलगी आर्लिन आज सकाळी दोहाला परत गेली. विमानतळावर गेलो नाही. बाकोलोद शहराला जाणाऱ्या व्हॅनपर्यंत पोहोचविले. तिने आशीर्वादासाठी माझा हात आपल्या कपाळाला लावला. मी म्हणालो, सामान नीट पाहून घे. एवढे पुरेसे असते.

निघताना तिने एक क्रेडिट कार्ड पुढे केले. खाते तिचे, बिल तिला, कार्डावर नाव माझे. मी हात पुढे केला नाही. तिने ते माझ्या शर्टाच्या खिशात सरकविले. काढून परत देणार, तोच व्हॅन हलली. सबब कार्ड घरात आहे. परंतु मी ते स्वीकारलेले नाही, अशी नोंद करतो.

११ जानेवारी, बुधवार

आयुष्यात एका पेसोचे कर्ज केले नाही. माझे वडील ऊस तोडीत. त्यांची मजुरी हातात येण्यापूर्वीच हासिएंडाच्या, म्हणजे जमीनदाराच्या मळ्याच्या, कँटीनमध्ये उधारीत खाऊन संपलेली असे. पगाराच्या दिवशी ते रिकाम्या हाताने, परंतु टोपी काढून, आभार मानीत बाहेर येत. मी ते दृश्य दारातून पाहिले आहे. पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

मी स्वतः साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे आयुष्य काढले. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु वजनाबाबत अथवा व्याकरणाबाबत माझ्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही. पत्नीचा अंत्यविधीही उधारी न करता पार पाडला. आर्लिन पैसे पाठविणार होती. पाठवू दिले नाहीत. बापाने मुलीचे देणे लागावे, हा क्रमच उलटा आहे.

कार्ड वापरणार नाही. निश्चय.

१४ जानेवारी, शनिवार

कार्ड केवळ माहितीसाठी तपासले. नाव "पोलिकार्पो" असे छापले आहे. माझे नाव पोलिकार्पिओ. मागील बाजूस सहीसाठी पांढरी पट्टी आहे. दुसऱ्या माणसाच्या कार्डावर सही करणे हा गुन्हा ठरेल. प्रश्न आपोआप मिटला.

२९ जानेवारी, रविवार

फोन आला नाही.

माझी पत्नी प्रेसेन्तासिओन हयात असताना दर रविवारी येत असे. बोलणे त्या दोघींचे. मी शेजारच्या खुर्चीवर. शेवटी पत्नी म्हणे, "तुझे तातय इथंच आहेत गं, बरे आहेत." मी मान हलवी. फोनमधून मान दिसत नाही, असे पत्नीचे मत होते. परंतु आर्लिनला कळत असावे. कारण ती पुढे काही विचारीत नसे.

पत्नी गेल्यावर रविवारचा फोन पंधरवड्याचा झाला. नंतर सणासुदीचा. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. ती रुग्णालयात नर्स आहे. आजारी माणसे रविवार पाळत नाहीत.

३० जानेवारी, सोमवार

समोरच्या दुकानाची मालकीण सेपा हिने चार गिऱ्हाइकांसमक्ष विचारले की, "काय हो मानोंग कार्पिओ, कालपासून फोन मांडीवर घेऊन बसलाय, अंडं उबवताय की काय?" मी फोन खिशात ठेवला. मग म्हणाली, "एवढी लेकीची आठवण येते तर तुम्हीच लावा की फोन! बोटं झिजतात का?"

तिला शांतपणे समजावून दिले. परदेशात राबणाऱ्या माणसाला घरून फोन गेला की त्याला एकच वाक्य ऐकू येते: पैसे पाठव. सेपाचा सख्खा पुतण्या जेद्दाला आहे; हिचा नंबर दिसला की तो फोन पालथा घालतो, हे साऱ्या हिनिगरान गावाला ठाऊक आहे. माझा नंबर पाहून आर्लिनच्या चेहऱ्यावर क्षणभरही तो भाव यावा, हे मला मान्य नाही. मी तिच्याकडे कधी काही मागितले नाही. फोनही मागणार नाही.

सेपा म्हणाली, "मग बसा उबवत."

१३ फेब्रुवारी, सोमवार

नाइलाजाने एक प्रकार घडला. औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. हजाराची नोट दिली. काउंटरवरील मुलगी म्हणाली, "लोलो, सुटे नाहीत हो." मी तिचा आजोबा नव्हे. तिने माझ्या खिशाकडे बोट दाखविले. म्हणाली, "कार्ड दिसतंय की! मग कशाला नोटा नाचवताय?" कार्ड खिशात का होते, हा प्रश्न वेगळा आहे. घरात ठेवल्यास चोरीचा धोका असतो.

मशीनने कागद बाहेर टाकला. मी पोलिकार्पिओ अशी पूर्ण व शुद्ध सही केली. मुलीने पाहिलीसुद्धा नाही.

दुकानाबाहेर आलो तोच फोन वाजला. आर्लिन. घाबरलेली होती. म्हणाली, "तातय, कार्ड चोरीला गेलं का? तुम्हीच आहात ना? बरं वाटत नाहीये का?" कार्ड वापरले की दुकानाचे नाव आणि रक्कम बँक तिच्या फोनवर त्याच क्षणी कळविते, असे समजले. मी म्हणालो, गोळ्या नेहमीच्या आहेत. त्यावर ती हसू लागली. म्हणाली, "म्हणजे शेवटी तुम्ही उधारी केलीत! नानाय असती तर चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली असती." आईला ती नानाय म्हणते.

मग तिने मला कर्जाविषयी सांगितले. कर्ज म्हणजे काही भूत नव्हे. महिन्याचे बिल पूर्ण फेडले तर बँक व्याज लावत नाही. उलट तेवढे दिवस आपले पैसे आपल्याकडेच राहतात. "बुडतात कोण? जे किमान रक्कम भरतात आणि बाकीचं पुढच्या महिन्यावर ढकलून निवांत झोपतात. मी तसली नाही. तुम्ही वापरा. फक्त डोकं ठेवून वापरा," असे म्हणाली. नंतर इतर गोष्टी बोलली. तिच्या खोलीतल्या मुलीने भात करपविला. रुग्णालयाच्या फाटकापाशी एक एकडोळी मांजर बसते. मी उन्हात उभा होतो. टोपी घरी राहिली होती. गैरसोय झाली नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या विषयावर सांगोपांग विचार केला. कर्जाला भिणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, या निष्कर्षाप्रत आलो. चाकूही कापतो, म्हणून कोणी कांदा दाताने चिरत नाही.

यापुढे कार्ड वापरावे, मात्र सुज्ञपणे. खर्च अल्प असावा. खर्चाइतकी रोकड घरी येताच बिस्किटांच्या डब्यात टाकावी आणि डिसेंबरात आर्लिन सुट्टीवर आली की तिच्या हाती द्यावी. अशा रीतीने माझे कर्ज दुकानापासून घरापर्यंतच टिकते. बँकेचे सर्वच ग्राहक असे वागले तर जगात दुःख राहणार नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली. परतताना एक साबण, कार्डावर. फोन आला. आर्लिन म्हणाली, "एका साबणासाठी कार्ड? तातय, त्या मशीनला लाज वाटली असेल हो!" आणि हसली.

ती आपल्या आईसारखी हसते. हे पूर्वी लक्षात आले नव्हते. पूर्वी फोन माझ्या कानाला नसे.

५ मार्च, रविवार

व्हिनेगर. फोन आला. थोडक्यात.

११ मार्च, शनिवार

पाव. फोन नाही. मेसेज आला: "ओके तातय."

१२ मार्च, रविवार

डासांची अगरबत्ती. मेसेजमध्ये अक्षरे नाहीत. केवळ अंगठ्याचे चित्र.

कारखान्यात ज्यांना लिहिता येत नसे, ते अंगठा देत. आर्लिनला मी पदवीपर्यंत शिकविले आहे.

१८ मार्च, शनिवार

कार्डाच्या वापराचा अभ्यास चालू आहे. एक महत्त्वाचा शोध: बँकेच्या मेसेजमध्ये दुकानाचे नाव जाते, वस्तूचे नाही. औषधाचे दुकान आता तिच्या परिचयाचे झाले. सुपरमार्केटही झाले. त्यामुळे मेसेजमध्ये विचारण्यासारखे काही उरत नाही.

सुज्ञ ग्राहकाने एकाच दुकानावर अवलंबून राहू नये, असे माझे मत झाले आहे. पुढील शनिवारपासून अंमलबजावणी. यात अन्य कोणताही हेतू नाही.

२५ मार्च, शनिवार

बाकोलोदला गेलो. वधूच्या पोशाखांच्या दुकानात एक हात पांढरी फीत घेतली. विक्रेतीने विचारले, "नवरी कोण, लोलो?" मी म्हणालो, फीत हवी आहे, चौकशी नको. जीपनीचे भाडे फितीहून पुष्कळ जास्त झाले. परंतु भाडे रोख दिल्याने ते कार्डाच्या हिशेबात येत नाही.

परतीच्या जीपनीत फोन. आर्लिन ओरडलीच. "तातय! वधूच्या कपड्यांचं दुकान? कोण आहे ती? सेपा मावशी? खरं सांगा हं, मला रजा टाकायला लागेल!" मी गंभीरपणे नकार दिला. त्यामुळे तिचा संशय बळावला आणि संभाषण लांबले. मागून कोणी नर्स ओरडली, "काँग्रॅच्युलेशन्स, लोलो!" जीपनीतील सर्व प्रवासी माझ्याकडे पाहत होते. एका बाईने तर जागा दिली.

आजवर इतके बोलणे कधी झाले नव्हते. शेवटी आर्लिन म्हणाली, "डिसेंबरात येते ना, तेव्हा त्या दुकानात घेऊन चला मला. ती फीत कुणासाठी ते मी शोधून काढणार." मी पाहू असे म्हणालो.

पद्धत योग्य आहे. कार्ड योग्य हाती आहे.

६ एप्रिल, गुरुवार

पवित्र सप्ताह. दुकाने बंद. मशीनही बंद. गावात सर्वत्र शांतता आहे. मला शांतता आवडते.

९ एप्रिल, ईस्टर रविवार

आर्लिनचा मेसेज: "हॅपी ईस्टर तातय", खाली लिलीच्या फुलांचे चित्र. सुंदर आहे. सेपाला दाखविले. तिने आपला फोन काढून दाखविला. तीच फुले. "तातय" हा शब्द तेवढा नव्हता.

तो शब्द तिने निराळा लिहिला, यावरून तिने किती विचार केला ते दिसते.

२२ एप्रिल, शनिवार

पाळीव प्राण्यांचे दुकान. पक्ष्यांचे दाणे, छोटी पिशवी. माझ्याकडे पक्षी नाही.

फोन आला. आर्लिनने विचारले, "पक्षी आणलात? कुठला?" मी म्हणालो, विचार चालू आहे. ती म्हणाली, "आधी दाणे, मग पक्षी? तातय, तुम्ही म्हणजे कमालच आहात!" मी आणखी सांगणार होतो. पिंजऱ्याचे दर, पोपटांच्या जाती, यांची माहिती दुकानातून मुद्दाम घेतली होती. परंतु तिला कोणी हाक मारली. "ठेवते हं, नंतर करते," म्हणाली.

२३ एप्रिल, रविवार

नंतर म्हणजे केव्हा, हे फोनवर स्पष्ट करून घेतले पाहिजे. पुढील वेळी लक्षात ठेवावे. दाणे चिमण्यांना घातले.

६ मे, शनिवार

कराओकेच्या यंत्रांचे दुकान. बॅटरी घेतली. मेसेज: "मजा करा तातय." अंगठा.

सेपाने विचारले की, "दर शनिवारी नटूनथटून बाकोलोदला कुठं जाता हो? आणि येताना हात हलवत येता!" मी म्हणालो, आर्थिक कामे असतात.

१४ मे, रविवार

आज मातृदिन. आर्लिनने आपणहून फोन केला. कार्ड वापरलेले नसताना! नोंद करण्यासारखी गोष्ट.

पत्नीच्या थडग्यावर फुले वाहिली का, असे विचारले. वाहिली होती. मग म्हणाली, "तातय, एक सांगायचंय. रागावू नका." कॅनडासाठी अर्ज केला आहे. परीक्षा द्यावयाची आहे, कागदपत्रे व्हावयाची आहेत. त्यासाठी रजा साठवीत आहे. डिसेंबरात येणे जमणार नाही. "पुढच्या वर्षीसुद्धा अवघडच दिसतंय," म्हणाली. "तुम्ही बोला ना काहीतरी."

मी म्हणालो, कॅनडा स्वच्छ देश आहे.

ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हणालो, गरम कपडे घे. प्रसंगाला साजेसे बोललो असे वाटते.

१५ मे, सोमवार

बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. रोज हाताशी असण्याचे कारण उरले नाही.

२० मे, शनिवार

नवीन निश्चय. ज्या मुलीला परदेशी परीक्षा द्यावयाची आहे, तिला बापाने किरकोळ कारणांसाठी व्यत्यय आणू नये. कार्ड केवळ आवश्यक वस्तूंसाठी आणि केवळ नेहमीच्या दुकानांत वापरावे. बाकोलोद बंद.

२७ मे, शनिवार

साखर, काडेपेटी. सुपरमार्केट. काही आले नाही. अंगठाही नाही. अभ्यास करीत असावी.

३ जून, शनिवार

काही आले नाही.

१० जून, शनिवार

बाकोलोदला जावे लागले. चष्म्याची काडी सैल झाली होती. ती दुकानदाराने फुकट आवळून दिली. नंतर भूक लागली. जवळच एक मोठे खासगी रुग्णालय आहे. तेथील कँटीनमध्ये बाचोय हे नूडल्सचे सूप चांगले मिळते असे ऐकून होतो. कोणाकडून, ते आठवत नाही. कँटीनचे पैसे रुग्णालयाच्याच नावाने कापले जातात, हे मला माहीत नव्हते. काउंटरवरील माणसाने तसे सांगितले खरे. परंतु तोपर्यंत वाटी संपली होती आणि कार्ड त्याच्या हातात होते. सुटे पैसेही खिशात होते, परंतु खालच्या खिशात.

भिंतीवर फलक होता: फोनचा आवाज बंद ठेवावा. मी फलक पाळतो. आवाज बंद करून फोन पिशवीत ठेवला. जीपनीत डोळा लागला.

घरी पोहोचलो तेव्हा सेपा माझ्या फाटकापाशी उभी होती. दुकान उघडे टाकून. डोळे सुजलेले. मला पाहून प्रथम तिने क्रूसाची खूण केली. मग ओरडली, "जिवंत आहात? मग आता माझ्या हातनं मराल! अहो, ती पोरगी तिकडं वेड्यासारखी रडतेय. दहादा मला विचारते, मावशी, तातयना काय झालं? मी काय सांगू? फादरना सायकलवर पिटाळलं, ते दोन दवाखाने पालथे घालून आले. आणि तुम्ही? तुम्ही पोट चोळत उतरताय!"

फोन बाहेर काढला. मिस्ड कॉलची यादी पडद्यावर मावत नव्हती. बोटाने दोनदा वर सरकवावी लागली. सर्व तिचेच. माझ्या नावाने इतके फोन आयुष्यात कधी आले नव्हते.

हातात असतानाच पुन्हा उजळला. मी हॅलो म्हणालो. ती केवळ रडत होती. मी म्हणालो, आर्लिन, सूप होते.

तरीही रडत राहिली.

११ जून, रविवार

कालचा तपशील आज समजला. मेसेज आला तेव्हा ती वॉर्डात ड्यूटीवर होती. रुग्ण सोडून बाहेर पळाली. वरिष्ठांनी लेखी ताकीद दिली आहे. कॅनडाच्या कागदपत्रांसाठी तिला वरिष्ठांचा स्वच्छ शेरा लागतो. मी म्हणालो, त्यांना मी सविस्तर खुलासा लिहून पाठवितो. चूक बाचोयची आहे. ती म्हणाली, "नको तातय. प्लीज नको."

मग आवाज खाली आणून तिने विचारले, "खरं सांगा. तुम्हाला काही हवंय का? फीत, पक्ष्यांचे दाणे, बॅटरी... माझ्या लक्षात येत नाही असं नाही. काय हवंय तुम्हाला? सांगा ना. मी ओरडणार नाही."

पंख्याचा आवाज येत होता. तिच्याकडे की माझ्याकडे, कळले नाही.

मी म्हणालो, मला काहीही नको. आजपर्यंत काही मागितले आहे का?

"नाही तातय," ती म्हणाली. "कधीच नाही."

या एका बाबतीत तरी तिला माझ्याविषयी अभिमान असावा.

१८ जून, रविवार

आज पितृदिन. आर्लिनचा फोन. तिने पूर्ण विचार करून तोडगा काढला आहे. तिचे म्हणणे असे: "चूक माझीच आहे तातय. तुम्ही साबण घेतला तरी मी लगेच विचारायचे, कशाला घेतला, कुठं घेतला. तुमच्यासारख्या माणसाला ते हिशेब दिल्यासारखं वाटत असणार. म्हणून तुम्ही असं चोरून लांबलांबच्या दुकानात जायला लागलात. हो ना?"

मी नाही म्हणणार होतो. नाही म्हटले असते तर खरे कारण विचारले असते.

मी म्हणालो, काहीसे तसेच.

ती म्हणाली, "मला वाटलंच! मग ऐका. मी बँकेला सांगून मेसेज बंद केले. माझ्या फोनवर आता काही येणार नाही, तुमच्या फोनवर येईल. बिल दर महिन्याला आपोआप भरलं जाईल, मी बघणारसुद्धा नाही. लिमिटही वाढवून घेतलं. आता कुणी तुम्हाला काही विचारणार नाही. मनाला येईल ते घ्या. हीच माझी पितृदिनाची भेट."

तिच्या आवाजात आनंद होता. पुष्कळ दिवसांनी ऐकला. मी आभार मानले. म्हणालो, फार विचारपूर्वक दिलेली भेट आहे.

सायंकाळी सेपाला सांगितले. मुलीचा केवढा विश्वास, बँकेचा केवढा विश्वास, सर्व सांगितले. ती टोमणा मारील म्हणून उत्तर तयार ठेवले होते. तिने मारला नाही. दुकानातले स्टूल पुढे सरकवून म्हणाली, "बसा थोडा वेळ." मी बसलो नाही. घरी पुष्कळ कामे होती.

२५ जून, रविवार

कार्ड वापरले नाही. गरज भासली नाही.

एका दृष्टीने माझा जुना निश्चयच खरा ठरला.

२ जुलै, रविवार, सायंकाळ

सुपरमार्केटमध्ये गेलो. तांदूळ रोखीने घेता आला असता. परंतु भेटीचा मान ठेवणे आवश्यक होते. कार्ड दिले. दाराबाहेर गाड्या लावतात तेथे सावलीत उभा राहिलो. उभे राहण्याचे विशेष कारण नव्हते.

फोन वाजला. चष्मा न लावता घाईने कानाला लावला. हॅलो आर्लिन, असे म्हणालो. दोनदा म्हणालो. कोणी बोलेना. चष्मा लावून पाहिले. मेसेज होता, बँकेचा. "प्रिय आर्लिन," अशी सुरुवात. पुढे सुपरमार्केटचे नाव, रक्कम, आणि शेवटी: हा व्यवहार आपण केला नसल्यास आम्हास त्वरित कळवावे.

नाव तिचे, फोन माझा. विचारणा सभ्य भाषेत होती. सभ्य विचारणेस उत्तर देणे मी कर्तव्य समजतो. घरी येऊन, शुद्धलेखन तपासून, पुढीलप्रमाणे लिहिले व पाठविले:

"व्यवहार मीच केला आहे. तांदूळ घेतला. प्रकृती ठीक आहे. काळजी नसावी. तुझ्या आईच्या थडग्याभोवतीचे गवत काल काढले. गुडघा थोडा दुखतो, परंतु ते विशेष नाही. परीक्षा कशी झाली? सवड होईल तेव्हा कळवावे. घाई नाही."

अद्याप उत्तर आलेले नाही. आज रविवार; बँकेत माणसे कमी असावीत.